बाल्साचे द्विपंखी विमान

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेले विमान द्विपंखी होते. तशा विमानाची लहान प्रतिकृती आपणही करू शकतो. तिच्यासाठी बाल्साचे लाकूड घेतात. मूळच्या उष्ण अमेरिकेतील ह्या झाडाचे लाकूड वाळल्यावर पाण्याच्या सुमारे एक-षष्ठांश वजनाचे भरते. परंतु त्याची पातळ पट्टी सहज वाकते. म्हणून दोन्ही पंखांमध्ये उभ्या काठ्या बसवून तिरप्या तारा फुलीसारख्या ताणतात. भार एका बाजूने आला की एक तार ओढ धरते, दुसरीकडून आला की दुसरी. चौकट पिळवटत नाही.

आपल्या हातातील प्रेषकाच्या रेडिओलहरी विमानातील ग्राहक टिपतो आणि चिमुकल्या मोटारी शेपटीवरील झडपा हलवितात. उभ्या झडपेने दिशा बदलते, आडवीने चढउतार होतो.

विद्यार्थिमित्रहो, रेडिओ विमान वळवील. चुकलेला तोल मात्र दुरुस्त करणार नाही. शेपूट जड राहिल्यास नाक वर जाते, वेग मोडतो व विमान कोसळते. म्हणून आधी ते बोटांवर तोलून आराखड्यातील तोलबिंदू पडताळावा, झडपा योग्य बाजूसच वळतात ना ते पाहावे, आणि मगच माणसांपासून दूर, मोकळ्या माळावर उडवावे. उड्डाणाचे यश जमिनीवरच ठरते, असे आम्हांस वाटते.