वालावरचा मावा आणि अकरा तासांचा दिवस

मागच्या भागात मोहोरावरचे तुडतुडे पाहिले. आता बागेतून खाली खाचरात उतरू. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. पोपटीच्या मडक्यात जातात त्या याच वालाच्या शेंगा. ऐन थंडीत त्याच्या शेंड्यांवर काळा थर चढतो, तो मावा. शास्त्रीय नाव एफिस क्रॅक्सिव्होरा. चवळीवर पडतो तोही हाच.

शेंडा भिंगाखाली धरा. काळी चकचकीत दिसते ती वाढलेली मादी, भोवतीची राखी, मेणचट ती पिल्लं. नर सापडणार नाही, अंडीही नाहीत. मादी नराविना थेट पिल्लं टाकते आणि पोटातल्या पिल्लाच्या पोटातही पुढचे गर्भ धरलेले असतात. आई, लेक, नात एकाच अंगात! पंचविशीच्या आसपासच्या तापमानात पिल्लू साधारण आठवड्यात स्वतः विऊ लागतं. शेंड्यावर दाटी झाली की पंखवाल्या माद्या निपजतात आणि शेजारचं खाचर गाठतात.

थंड मुलखात हा गाडा शरदात थांबतो. का, ते अमेरिकेत टेनेसीच्या मार्कोविच यांनी 1924 मध्ये दाखवलं. स्ट्रॉबेरीवरच्या माव्याला त्यांनी रोजचा उजेड कमी केला, तर नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या हंगामाआधीच जन्मल्या. पुढे इंग्लंडात लीस यांनी मेगूरा जातीच्या माव्यात हा बदल घडवणारी सीमा साडेचौदा तासांच्या दिवसाजवळ असल्याचं दाखवलं.

अलिबागला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचा. डिसेंबरात तर जेमतेम अकरा. मेगूराचा हिशेब इथे लावला तर मावा बारमाही अंडी घालत बसायला हवा. पण उबेत आखूड दिवसाचा इशारा दबतो आणि उष्ण प्रदेशातल्या या माव्याच्या वंशांत नर-मादीची पिढी सहसा येतच नाही. अंडी हवीत ती बर्फात तग धरायला. इथे कसला बर्फ?

दिवसाची लांबी इथे वाचतो तो वाल. गावठी वाल दिवस आखडल्याशिवाय फुलत नाही. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ या बंधनातून सुटलेला.) फुलोरा, कोवळी शेंग आली की रस तिकडे धावतो आणि माव्याला आयतं ताट मिळतं. त्यात रात्री अठराच्या आसपास, दुपारी तीस अंश: त्याला मानवणारी हवा.

मळभ धरलं की मावा वाढतो, असं शेतकरी म्हणतात. मला ते पटतं: ढगांमुळे रात्र निवत नाही, दुपार तापत नाही, वाढ अखंड चालते. जोराची सर मात्र त्याला धुऊन काढते आणि पस्तिशीपुढचं ऊन त्याची वीण रोखतं. खाऱ्या वाऱ्यामुळे किनाऱ्यावर ते ऊन उशिरा येतं, तोवर शेंगा भरलेल्या असतात.

म्हणून जानेवारीत काळे झालेले शेंडे खुडून लांब टाकावेत. फवारणीआधी उरलेल्या शेंड्यांवर करड्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या आहेत का पाहावं. त्या ढालकिड्यांच्या, मावा फस्त करणाऱ्या. भरपूर दिसल्या तर पंप काही दिवस पडवीतच राहू द्यावा.