बांधलेल्या इंजिनातून ठोका आला तर

गाडी ठेवणाऱ्या आपल्या व्यापारी भावांना हा अनुभव नवा नाही. इंजिन बांधून आणले, पैसे मोजले आणि महिन्याभरात खालून 'टक टक' सुरू. मिस्त्री म्हणतो, लोड जास्त घातला. लेथवाला म्हणतो, तेल हलके वापरले. मधल्या मध्ये मालकाचे नुकसान.

2009 साली माझ्या डिझेल अँबॅसिडरचे असेच झाले. तागे भरून निघालो की चढावर आवाज वाढे. इंजिन तापले की ऑईलचा दिवा मिणमिणे. मिस्त्रीने एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून पाहिला. तिसऱ्या सिलिंडरला ठोका दबला, म्हणजे बिग एंड बेअरिंग तिथलेच. म्हणाला, "शेठ, नवीन बेअरिंग टाकतो, संध्याकाळी गाडी न्या." मी नको म्हटले. कापडात एक डाग दिसला तर आम्ही अख्खा तागा उलगडतो!

चारही सिलिंडरची आठ शेल क्रमाने कागदावर मांडायला लावली. क्रम चुकला की सबूत गेला. शेलवर करडा मऊ थर असतो. तो झिजला की खालचा तांबूस धातू दिसतो. एकच कड झिजली असेल तर जर्नल निमुळते किंवा कनेक्टिंग रॉड वाकडा. धातू पुसल्यासारखा पसरला आणि जर्नल निळे पडले, तर तेल पोचले नाही. असा क्रँक भेग तपासल्याशिवाय परत बसवू नये. शेलच्या पाठीवर एकच चकाकता ठिपका म्हणजे बसवताना मागे कचरा राहिला.

आमच्या आठही शेलवर बारीक रेघा आणि रुतलेले कण होते, तिसऱ्यात सर्वांत जास्त. लेथवाल्यासमोरच क्रँकच्या तेलाच्या भोकांत तार फिरवली, तर करडा चिखल निघाला. ग्राइंडिंगनंतर भोके धुतलीच नव्हती. तो गप्प झाला.

मग मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, उभे-आडवे मोजले. आधी दहा हजारांश इंच कमी केलेला क्रँक आता वीसवर न्यावा लागला. ग्राइंडिंग त्याने फुकट केले, बेअरिंग आणि गॅस्केट माझ्या खर्चाने. बेअरिंगची मोकळीक ढोबळमानाने जर्नलच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच. पण कंपनीच्या पुस्तकातला आकडाच खरा धरावा.

या खेपेस स्टॉप ओढून धरला, थांबत थांबत स्टार्टर मारला आणि ऑईलचा दिवा विझल्यावरच इंजिन चालू केले.