सुरतेच्या तहात न आलेला खून

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एखाद्या घरात खून झाला, की पाठोपाठ त्याची पुस्तिका निघायची. साक्षीपुरावा, वकिलांची भाषणं, फाशीच्या आधीचा कबुलीजबाब, सगळं छापून रस्त्यावर विकायला यायचं. नवऱ्याला मारणारी बायको, बापाला विष देणारी मुलगी, भावाचा गळा घोटणारा भाऊ. गेली कित्येक वर्षं मी या पुस्तिका वाचत आलो आहे, कारण त्या काळची घरं आतून जशी इथं दिसतात तशी दुसरीकडे दिसत नाहीत. मी राहतो सुरतेत. त्यामुळे ब्रिस्टलचा एखादा खटला वाचताना मन वारंवार शनिवारवाड्याकडे जातं आणि तिथून पुन्हा तापीच्या काठावर येतं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा खरा निकाल पुण्यात लागला की सुरतेत, हा प्रश्न मला या वाचनातूनच पडला.

आधी ब्रिस्टलचा खटला. जानेवारी १७४१. सर जॉन डायनली गुडिअर हा थोरला भाऊ, सॅम्युएल गुडिअर धाकटा. धाकटा आरमाराच्या ‘रूबी’ जहाजाचा कप्तान. वाद वाडवडिलांच्या इस्टेटीचा. थोरल्यानं ती बहिणीच्या मुलाला द्यायचं मनात घेतलं होतं. जॅरिट स्मिथ नावाच्या वकिलानं दोघांची आपल्या घरी भेट घडवली. भाऊ एकमेकांना भेटले, एकत्र प्याले. थोरला बाहेर पडला तेव्हा धाकट्याच्या खलाशांनी त्याला भर रस्त्यात उचललं आणि जहाजावर नेलं. पहाटे मॅथ्यू मॅहनी आणि चार्ल्स व्हाइट या दोघांनी त्याचा गळा आवळला. कप्तान स्वतः दारात पहाऱ्याला उभा होता.

शेजारच्या खोलीत जहाजाचा पिंपं बांधणारा कारागीर आणि त्याची बायको झोपले होते. आवाजानं ते जागे झाले आणि फळ्यांच्या फटीतून त्यांनी हे पाहिलं. कोर्टात हा कारागीर उभा राहिला आणि आपल्याच कप्तानाविरुद्ध बोलला. १५ एप्रिल १७४१ रोजी कप्तान आणि त्याचे दोन्ही हस्तक फासावर गेले. खुनाला तीन महिनेही झाले नव्हते. त्या खटल्यावर पुस्तिका लिहिणाऱ्यांत सॅम्युएल फूट हा दोन्ही भावांचा सख्खा भाचा होता. मारणारा मामा, मेलेला मामा, आणि लिहिणारा भाचा! हाच फूट पुढे नाटककार झाला आणि हिंदुस्थानात लुटीचा पैसा करून परतणाऱ्या इंग्रजांवर त्यानं १७७२ साली ‘द नेबॉब’ हे नाटक आणलं. पुढच्याच वर्षी पुण्यात काका-पुतण्यांचं प्रकरण घडलं.

३० ऑगस्ट १७७३ ची हकिगत मराठी वाचकाला सांगायला नको. तुंबलेल्या पगारासाठी वाड्यात शिरलेले गारदी, काकाच्या कमरेला मिठी मारणारा अठरा वर्षांचा पेशवा, त्याला ओढणारा तुळाजी पवार, अंगावर पडून जीव देणारा चापाजी टिळेकर, आणि ‘ध’चा ‘मा’. मला इथं थांबायचं आहे ते या कागदापाशी. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ १८२६ साली छापलेल्या इतिहासात सांगतो, की काका राघोबादादांनी गारद्यांपैकी महंमद इसफला दिलेला तो कागद न्यायाधीश रामशास्त्र्यांच्या हाती आला, तेव्हा त्यात फेरफार दिसला. धरण्याची आज्ञा आपण दिली, मारण्याची नव्हे, हा दादांचा बचाव याच कागदावर उभा आहे.

नेमका असाच बचाव इंग्लंडमध्ये १७५२ साली गाजला होता. हेन्लीच्या मेरी ब्लँडीनं बापाच्या पेजेत संखियाची पूड घातली. पूड दिली होती तिच्या प्रियकरानं, कप्तान क्रॅन्स्टननं. या पुडीनं बापाचं मन आमच्या लग्नाकडे वळेल एवढंच मला वाटलं, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. सुझन गनेल या मोलकरणीला पेजेच्या भांड्याच्या तळाशी पांढरा कणीदार गाळ दिसला. तिनं भांडं घासलं नाही, जपून ठेवलं. डॉक्टर अँथनी अ‍ॅडिंग्टननं त्या पुडीच्या परीक्षा करून संखिया असल्याचं कोर्टात सांगितलं. हेतू मेरीच्या मनात होता आणि गाळ भांड्यात होता. ज्यूरीनं गाळावर विश्वास ठेवला.

रामशास्त्री प्रभुण्यांच्या हातीही असाच ऐवज होता. त्यांनी चौकशी केली आणि कटात सुमारे पन्नास माणसं असल्याचं ठरवलं. पण आरोपीच राज्याचा धनी झाला होता. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरी शिक्षा नाही, हे दादांच्या तोंडावर सांगून शास्त्रीबोवा पुणं सोडून वाईकडे निघून गेले. आपण या प्रसंगाला निःस्पृहतेची गोष्ट म्हणून मिरवतो, १९४४ साली प्रभातनं त्यावर चित्रपटही काढला. मला मात्र तो वाचताना दर वेळी दुःख होतं. न्यायाधीश निर्भय होता, पुरावा होता, निकालही दिला गेला. तो अमलात आणणारं कोणीच नव्हतं. पुढे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, हाती सत्ता आल्यावर इसफला पकडून देहदंड दिला. गारदी खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते, त्यानं त्यांना स्वाधीन केलं, तेही मारले गेले. ब्रिस्टलमध्ये हस्तकांच्या बरोबर मालक लटकला होता. इथं मालक तोवर सुरतेत आला होता.

बारभाईंच्या फौजेपुढे हरून दादा खंबायतला पळाले. तिथल्या इंग्रजांनी त्यांना गलबतानं बाहेर काढलं आणि फेब्रुवारी १७७५ मध्ये ते सुरतेला पोचले. सुरतेचा किल्ला १७५९ पासून कंपनीच्या ताब्यात होता. ६ मार्च १७७५ रोजी तह झाला. कंपनीनं अडीच हजारांची फौज द्यायची, दादांनी खर्चापोटी महिना दीड लाख रुपये द्यायचे, शिवाय साष्टी, वसई आणि सुरत-भडोच भागातल्या वसुलाचा वाटा. रोकड नव्हती, म्हणून सहा लाखांवर किमतीचे जडजवाहीर तारण ठेवले. पुतण्याचा खून, रामशास्त्र्यांची चौकशी, यांतलं काहीही या करारात आलं नाही.

इंग्रजांना ते ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. खून झाला तेव्हा त्यांचा वकील थॉमस मॉस्टिन पुण्यातच होता. कंपनीला साष्टी हवी होती आणि ती देणारा माणूस हाताशी आला होता. कलकत्त्यानं तह नामंजूर केला, पुरंदरला वेगळा तह झाला, तरी लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहालाच पसंती दिली. नोकराच्या साक्षीवर कप्तानाला फासावर चढवणाऱ्या देशातलेच हे लोक. म्हणून माझं मत असं, की या खटल्याचा निकाल सुरतेत फिरवला गेला. पुण्यानं जे पाप ठरवलं होतं, त्यावर इथं मुलखाची किंमत बसली.

वडगावला इंग्रजांवर आलेल्या नामुष्कीनंतर शिंद्यांच्या कैदेतून निसटून १७७९ साली दादा पुन्हा सुरतेला आले. पुढची हकिगत फारशी सांगितली जात नाही. दादांनी आपली बाजू मांडायला थेट लंडनला वकील पाठवले: त्यांत हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार हे पारशी पिता-पुत्र होते. १७८१ साली लंडनमध्ये त्यांचे फार हाल झाले. त्यांना आसरा दिला तो एडमंड बर्कनं, आपल्या बीकन्सफील्डच्या घरी. हनुमंतरावाला सोवळ्यात स्वयंपाक करता यावा, पूजा करता यावी म्हणून बर्कनं बागेतलं काचघर त्याला मोकळं करून दिलं. हिंदुस्थानातल्या अन्यायांसाठी पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारा हाच बर्क. दूरदेशीच्या माणसाच्या सोवळ्याची त्यानं ठेवलेली बूज मला मनापासून आवडते. हनुमंतराव रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलेल्या माणसाचा वकील होता, हेही मला विसरता येत नाही.

परतल्यावर या वकिलीला गेलेल्या ब्राह्मणांना समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागलं. फ्रान्सिस विल्फर्ड या युरोपियन अभ्यासकानं ते लिहून ठेवलं आहे: सोन्याची योनी घडवली, तिच्यातून त्यांना बाहेर काढलं, दानदक्षिणा दिली, तेव्हा ते पुनर्जन्म घेऊन शुद्ध झाले. धन्यासाठी केलेल्या प्रवासाचं प्रायश्चित्त चाकरांनी एवढं कडक घेतलं. धन्याला सांगितलेलं प्रायश्चित्त तसंच राहिलं.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. कंपनीनं दादांचा हात सोडला, आणि महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. दादा गोदावरीकाठी कोपरगावला जाऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तिथंच वारले. ही नेमणूक पुणे दरबारानं द्यायची होती. त्या वेळी गादीवर सवाई माधवराव होते, नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेला त्यांचा मुलगा.