खासगी विद्यापीठाची निवड : शुल्क, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील चार वर्षे

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय मराठी घरांतून एक नवीच चर्चा सुरू होते. पूर्वी ती ‘कोणती शाखा’ एवढ्यापुरती असे. आता ‘कोणते विद्यापीठ आणि कोणत्या गावी’ इथवर तिचा विस्तार झाला आहे. दिल्लीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न असतोच. पण पुणे, नाशिक, सोलापूरकडील पालकही आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके चाळताना दिसतात.

गेल्या दोन दशकांत या परिसराचे शैक्षणिक चित्र पुरते पालटले आहे. नोएडातील अ‍ॅमिटी विद्यापीठ २००५ मध्ये उत्तर प्रदेशच्या कायद्याने स्थापन झाले. सोनिपत येथे ओ. पी. जिंदल ग्लोबल विद्यापीठ २००९ मध्ये आले, तर दादरीजवळ शिव नाडर विद्यापीठ २०११ मध्ये. सोनिपतच्याच राजीव गांधी एज्युकेशन सिटीत अशोका विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम २०१४ मध्ये सुरू झाले. ग्रेटर नोएडात बेनेट विद्यापीठ २०१६ मध्ये उभे राहिले. पर्याय वाढले हे स्वागतार्ह आहे. परंतु पर्यायांबरोबर खर्चाचे आकडेही वाढले आणि निवड ही घराच्या पुढील पंधरा वर्षांच्या अर्थकारणाशी निगडित झाली.

मान्यतेची खातरजमा

खासगी पुढाकारातून विद्यापीठ ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि विठ्ठलदास ठाकरसी यांनी पुढे त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. तरीही त्या विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. संस्था उत्तम असणे आणि तिच्या पदवीस कायद्याचे पाठबळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

याचे अधिक कटू उदाहरण छत्तीसगडचे. तेथील २००२ च्या कायद्याच्या आधारे केवळ अधिसूचना काढून शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे अस्तित्वात आली. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या तरतुदी रद्द ठरविल्या आणि असंख्य विद्यार्थी अधांतरी राहिले. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव पाहणे ही पहिली पायरी. अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांसाठी संबंधित नियामक परिषदेची मान्यताही तपासावी.

शिष्यवृत्ती : शब्द एक, अर्थ तीन

मराठी घरांत ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द गुणवत्तेशी जोडलेला आहे. संस्कृतच्या गुणांवर मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा दबदबा कैक पिढ्यांनी अनुभवला. ती १९१२ मध्ये मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी शिष्यवृत्ती हा सन्मान असे. ती घेणाऱ्याला पुढची अट क्वचितच विचारावी लागे.

आजच्या खासगी विद्यापीठांत मात्र या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली, केवळ गुणांवर मिळणारी शुल्कमाफी. दुसरी, केवळ कौटुंबिक उत्पन्न पाहून दिली जाणारी मदत; अशोका विद्यापीठाची मदत मुख्यत्वे या स्वरूपाची आहे. तिसरी, गुण आणि उत्पन्न या दोहोंची सांगड घालणारी. जिंदल विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या या पद्धतीच्या आहेत. ज्या घराचे उत्पन्न बेताचे आहे पण मुलाचे गुण अव्वल नाहीत, त्यांनी दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावे. उत्पन्नाचा दाखला, आयकर विवरणपत्रे, घरकर्जाची कागदपत्रे वेळेत सादर केल्यास पुष्कळदा अपेक्षेहून अधिक मदत मिळते.

आणखी एक बाब. हरयाणाच्या खासगी विद्यापीठ कायद्यानुसार किमान एक चतुर्थांश जागा त्या राज्याच्या रहिवासी विद्यार्थ्यांसाठी राखीव असून त्यांतील काहींसाठी शुल्कसवलतीची तरतूद आहे. गुरुग्राम वा फरिदाबादेत दीर्घकाळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपण अधिवासाच्या निकषात बसतो की काय, हे अवश्य पाहावे.

चार वर्षांचा ताळेबंद

गुणांवर मिळणारी शुल्कमाफी बहुधा अटींसह येते. दरवर्षी ठरावीक श्रेणी राखली नाही, तर ती बंद होते. या अटीचे मोल किती, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल.

विद्यापीठ ‘क’ चे पहिल्या वर्षाचे शुल्क ४ लाख रुपये असून त्यावर ५० टक्के माफी आहे; वसतिगृह, भोजन, प्रवास वगैरे खर्च वर्षाला २ लाख २० हजार. विद्यापीठ ‘ख’ चे शुल्क २ लाख ६० हजार, माफी नाही. इतर खर्च १ लाख ७० हजार. पहिल्या वर्षी ‘क’ ला ४ लाख २० हजार लागतील, ‘ख’ ला ४ लाख ३० हजार. वरकरणी ‘क’ स्वस्त.

आता शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते आणि इतर खर्च स्थिर राहतो असे धरू. माफी चारही वर्षे टिकली तर ‘क’ चा एकूण खर्च १८ लाख ८ हजार होईल आणि ‘ख’ चा १८ लाख ८७ हजार. परंतु माफी पहिल्या वर्षानंतर गेली, तर ‘क’ चा खर्च २५ लाख ३६ हजारांवर जाईल. म्हणजे एका अटीची किंमत सव्वासात लाखांहून अधिक! म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत : कोणती श्रेणी राखावी लागेल, मागील तुकडीतील किती विद्यार्थ्यांची माफी टिकली, आणि माफी मूळ शुल्कावर आहे की वाढीव शुल्कावरही.

कर्जाची बाजू

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष परतफेड सुरू होत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत हप्ते देता येतात. मात्र हप्ते थांबले तरी व्याज थांबत नसते. दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत १० लाख रुपये १० टक्के सरळव्याजाने उचलले, तर पाच वर्षांअखेर साडेतीन लाख रुपये व्याज साचते. मग १० वर्षांच्या मुदतीसाठी मासिक हप्ता सुमारे १७,८४० रुपये पडतो. हेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास तो सुमारे १३,२१५ रुपयांवर येतो. नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने दरमहा साडेचार हजारांचा हा फरक लहान नव्हे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळविणाऱ्यांना तारण वा जामीनदाराविना कर्ज मिळते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असणाऱ्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलतीची सोय आहे. तिच्या लाभार्थींची संख्या दरवर्षी मर्यादित असते. पसंतीची संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाआधीच पाहावे. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते.

घरची बाजू ध्यानात घेता

महाराष्ट्रातील पालकांनी आणखी एक तुलना करणे अगत्याचे आहे. राज्य शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. राज्याबाहेर तर नाहीच. म्हणजे अशा घरातील मुलीने सोनिपतचा रस्ता धरणे याचा अर्थ घरच्या दारातील विनाशुल्क पदवी सोडणे असाही होतो. ती सोडू नये असे नाही. पण तिची किंमत हिशेबात मांडलेली असावी.

वसतिगृहातील दिवस

आकड्यांत न बसणारे पुष्कळ काही उरते. राजधानी क्षेत्रातील अनेक खासगी विद्यापीठे शहरापासून दूर, महामार्गालगत वसलेली आहेत. तेथे ग्रंथालय, क्रीडांगण, मित्रपरिवार सारे आवारातच. दिल्लीची नाट्यगृहे, संग्रहालये मात्र सुट्टीच्या दिवशीच. ग्रेटर नोएडास २०१९ पासून मेट्रोची सोय झाली आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांना मे-जूनची होरपळ, जानेवारीचे धुके आणि दिवाळीच्या सुमारास बिघडणारी हवा यांची सवय नसते. दम्याचा त्रास असणाऱ्यांच्या पालकांनी हे आधीच विचारात घ्यावे.

प्रत्यक्ष भेट शक्यतो सत्र चालू असताना द्यावी. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, आजारी विद्यार्थ्यास कोण नेते, पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. नोकऱ्यांच्या माहितीत सरासरी वेतनापेक्षा मध्यक मागावा. दोनचार घसघशीत पगारांनी सरासरी सहज फुगते.

अखेरची एक व्यवहारी सूचना. प्रवेश रद्द करावा लागला तर काय? अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते, त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने कमी होते. मूळ प्रमाणपत्रे संस्थेस अडवून ठेवता येत नाहीत. आयोगाचे त्या त्या वर्षीचे परिपत्रकही पाहावे.

हे सारे कागद मांडून बसताना मुलामुलींनाही शेजारी बसवावे. कर्ज बहुधा त्यांच्याच नावावर असते, हप्तेही पुढे त्यांनाच फेडायचे असतात. घराची मिळकत, आईवडिलांच्या निवृत्तीची तरतूद आणि धाकट्या भावंडाचे शिक्षण यांचे आकडे त्यांच्यापासून लपवून ठेवले, तर त्यांची पसंती केवळ माहितीपत्रकातील छायाचित्रांवरच ठरेल. आकडे समोर असतील, तर निर्णय सोनिपतचा होवो वा सांगलीचा, तो साऱ्या घराचा असेल.