आवाज चढू द्यायचा नाही

"विमानतळावर असतेस म्हणजे रोज कुठं कुठं फिरत असशील, नाही?" हळदीकुंकवाला कुणी ना कुणी हे विचारतंच. एअर होस्टेस नाही म्हटलं की पुढचा अंदाज, "मग ते हातात बॅटसारखं काहीतरी घेऊन विमानाला 'ये, ये' करतात ते?" तेही नाही. मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर. अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर कानाला हेडफोन लावून बसते. विमानात बसायचा योग माझ्याही नशिबी वर्षाकाठी एकदाच, तोही एलटीसीवर!

काम सांगायला सोपं आहे. आकाशातली विमानं एकमेकांपासून लांब ठेवायची आणि एकामागोमाग एक खाली उतरवायची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग कायमची. पण पगार मिळतो तो या रोजच्या रांगेचा नाही, असं आमच्यात म्हणतात. पगार त्या दहा मिनिटांचा, ज्या वेळी सगळं बिनसतं.

मी मूळची कराडची. बी.एस्सी. फिजिक्स करून परीक्षा दिली आणि १९९८ साली ट्रेनिंगसाठी अलाहाबादला गेले. तुकडीत आम्ही तिघी मुली. निघताना एका नातेवाइकांनी वडिलांना ऐकवलंच होतं, "संकटाच्या वेळी बायकांचा आवाज चढतो हो." राग आला होता. पण पहिल्याच सरावात खोट्या विमानाच्या इंजिनाला खोटी आग लागली आणि माझा आवाज खरोखरच चढला. सरांनी टेप लावून ऐकवली. शेजारच्या मुलाचीही ऐकवली. त्याचा तर माझ्याहून वर गेला होता! सर म्हणाले, "शांतपणा कुणाच्या रक्तात नसतो. तो घोटून घ्यावा लागतो. तुमचा आवाज थरथरला तर वरच्या माणसानं कुणाकडे बघायचं?"

मग तेच घोटलं. पायलटनं तीनदा 'मेडे' म्हटलं की काय करायचं, हे पाढ्यांसारखं पाठ. प्रत्येक विमान रडारला चार आकडी कोड पाठवत असतं. त्यात ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद आणि ७७०० म्हणजे इतर कुठलीही आणीबाणी. मानेला शस्त्र लावलेलं असेल तर पायलट बोलणार कसा? म्हणून आकडे.

२४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पळवून नेलं, तेव्हा मी नोकरीत नवखी होते. ते विमान अमृतसरला जेमतेम पाऊण तास थांबलं आणि पुन्हा उडालं. लाहोर, दुबई आणि शेवटी कंदाहार. ते आठ दिवस आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. एवढं मात्र कायमचं कळलं, की संकटात वेळ मिळतो तो पाऊण तासाच्या हिशेबात. कुणाला फोन करायचा हे तेव्हा शोधत बसायचं नसतं. म्हणून आमच्या टेबलावर यादी तयार असते. अग्निशमन दल, सीआयएसएफ, विमान कंपनी, डॉक्टर, पोलीस. अपहरणाची, बॉम्बची, अपघाताची रंगीत तालीम ठरावीक काळानं होते. त्या वेळी कंटाळा येतो, हेही खरं सांगते.

पण एका रात्री ती तालीम उपयोगी पडली. पहाटेचे अडीच वाजले असतील. वरिष्ठांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच कागद पुढे सरकवला. माझ्याकडे येत असलेल्या एका विमानात बॉम्ब असल्याचा निरोप आला होता. अशा निरोपाची आधी एक समिती छाननी करते. तो मोघम आहे की नेमका, ते ठरवते. हा नेमका होता.

पायलटला मी दोन गोष्टी विचारल्या. इंधन किती आणि माणसं किती. या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या भाषेत 'सोल्स ऑन बोर्ड' म्हणतात. आत्मे किती? तिकिटं किती, हे विचारत नाहीत, कारण मांडीवरच्या बाळाला स्वतःची सीट नसते. खाली शोधाशोध करायची वेळ आली तर एकही जीव मोजायचा राहू नये, म्हणून सगळे धरून आकडा. उत्तर आलं, १६४. तो आकडा मी कागदावर लिहिला आणि उगाचच त्याच्याभोवती गोल केला.

बाकीची विमानं बाजूला थोपवून धरली. त्याला सरळ वाट दिली. उतरल्यावर टर्मिनलकडे न आणता आयसोलेशन बेला, म्हणजे इमारती आणि इतर विमानांपासून दूरच्या जागी पाठवायचं, हे टॉवरला कळवलं. हे सगळं बोलताना आवाज रोजच्यासारखा. ना 'काळजी करू नका', ना 'देवावर भरवसा ठेवा'. आमच्या भाषेत ते शब्दच नाहीत. पायलटला दिलासा मिळतो तो नेमक्या आकड्यांनी.

ती अफवा निघाली. मला ते ड्युटी संपताना कळलं. १६४ पैकी एकाचाही चेहरा मी पाहिला नाही. विमान टॉवरकडे सोपवलं की ते आमच्या पडद्यावरून जातं आणि पुढचं येतं. २०२४ च्या ऑक्टोबरात तर देशातल्या विमानांना अशा शेकडो खोट्या धमक्या आल्या. लोक विचारतात, "मग आता तुम्ही मनावर घेत नसाल?" घ्यावंच लागतं. लांडगा आला रे म्हणणारा शंभरदा खोटं बोलला, तरी आम्हाला एकशे एकाव्या वेळी धावायचंच असतं.

एवढं सांगितलं की बायका म्हणतात, "बाई, तू खंबीर!" तेव्हा मला २६ जुलै २००५ आठवतो.

माझी दुपारची पाळी होती. मुलगी पाच वर्षांची, शाळेत. मोबाइल आम्ही बाहेर लॉकरमध्ये ठेवतो. पाऊस एवढा झाला की विमानतळ बंद करावा लागला. सांताक्रूझला त्या दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, हे नंतर वाचलं. विमानतळ बंद झाला, पण आकाश बंद होत नाही. मुंबईवरून, अरबी समुद्रावरून जाणारी विमानं जातच असतात आणि त्यांना कुणीतरी लागतंच. रात्रपाळीचे लोक पाण्यात अडकलेले. म्हणजे आम्हीच.

संध्याकाळी विश्रांतीत बाहेर येऊन घरी फोन लावला. लागेना. शाळेचा लागेना. नवऱ्याचा लागेना. माझी पुन्हा बसायची वेळ झाली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "मन ठिकाणावर आहे? नसेल तर बसू नकोस." माझ्या तोंडावर आलं होतं, "बसते सर." आयुष्यभर तेच म्हणत आले होते. ताप असला तरी पोळ्या, पाळी असली तरी पाहुणे. पण खुर्चीत बसल्यावर माझ्या हातात किती 'सोल्स' असणार होते? मी म्हटलं, "नाही सर. मी आत्ता फिट नाही." एक सहकारी मुकाट्यानं उठला आणि दुसऱ्यांदा माझ्या जागी बसला. मी बाकावर बसून रडून घेतलं. रात्री उशिरा लँडलाइनवर शाळेतल्या बाईंचा आवाज आला. मुलं वरच्या मजल्यावर, खिचडी खाऊन झोपलेली. त्यानंतर मी जी खुर्चीत बसले ती सकाळपर्यंत. आवाज अगदी रोजचा.

त्या रात्री मी दोन तास उठले, याची कुठं शिक्षा झाली नाही. उलट आमच्या कामात तीही एक सुरक्षाच मानतात. न सांगता बसणारा कंट्रोलर सगळ्यांत धोक्याचा.

हे वाक्य मी घरी आणलं. रात्रपाळी करून आल्यावर कुणी काही मागितलं की स्पष्ट सांगते, "मी आत्ता फिट नाही, दोन तासांनी उठते." सासूबाईंना सुरुवातीला ते फार लागायचं. "आम्ही नाही कधी असं म्हटलं," असं ऐकवायच्या. मीही वाद घातला नाही. आवाज चढू द्यायचा नाही, हे शिकलेलं होतंच.

गेल्या दिवाळीत चकल्यांचं पीठ मळायला घेतलं होतं. सासूबाई ओट्याशी आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "आज मी काही फिट नाही हो. तूच बघ."

सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा म्हणाल्या. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि सोऱ्या हातात घेतला.