डोंगरांतील एक लहानसा पतंग व आपलें टोमॅटोचें पीक

नव्या जातीचा पतंग सांपडला, त्यास नांव दिलें, त्याचें वर्णन छापून आलें, असें वाचनांत आलें म्हणजे शेतकरी बंधूंच्या मनांत सहज येतें कीं, याच्याशीं आपणांस काय कर्तव्य? ज्या किड्यानें आपल्या पिकाचें एक पानही खाल्लें नाहीं, त्याच्या पंखांवरील ठिपके मोजण्यांत विद्वानांनीं काळ कां घालवावा? या शंकेचें उत्तर डोंगरांतील एका लहानशा पतंगाच्या इतिहासांत मिळण्यासारखें आहे.

दक्षिण अमेरिकेंत पेरू देशांत अँडीज पर्वतावर दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर हुआंकायो नांवाचें शहर आहे. तेथें धरलेल्या एका करड्या पतंगाचें वर्णन एडवर्ड मेरिक या इंग्रज अभ्यासकानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलें व त्यास फ्थोरिमिया ॲब्सोल्यूटा असें नांव दिलें. मेरिक हा शाळामास्तर होता. परंतु सूक्ष्म पतंगांविषयीं त्याचा व्यासंग एवढा दांडगा कीं, त्यानें आपल्या हयातींत हजारों नव्या जातींचें वर्णन केलें.

एखादी जात नवी आहे हें ठरविणें सोपें नसतें. पतंग टांचणीस टोंचून वाळवितात, त्याचे पंख पसरतात, आणि तो कोठें, केव्हां व कोणीं धरला याची चिठी त्याच टांचणीस लावितात. नंतर पंखांतील शिरा व ठिपके पूर्वीं ठाऊक असलेल्या जातींशीं ताडून पाहतात. लहान पतंग बाहेरून बहुधा एकसारखे दिसतात; म्हणून पोटाच्या टोंकाचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावे लागतात. ज्या नमुन्यावरून वर्णन केलें, तो पुढील अभ्यासकांकरितां संग्रहालयांत जपून ठेवितात. मेरिकच्या मागून इतरांनीं या पतंगाची अशी तपासणी केली व त्याचा गण अनेक वेळां बदलला. १९९४ सालीं तो टूटा या गणांत गेला आणि टूटा ॲब्सोल्यूटा या नांवानें जगभर ओळखला जाऊं लागला. आडनांव बदललें, तरी मूळचें नांव व वर्णन कायम राहिलें.

हा पतंग पुढें डोंगर उतरून खालीं आला. दक्षिण अमेरिकेंतील अनेक देशांत त्यानें टोमॅटोचा नाश केला. २००६ सालीं तो स्पेनमध्यें आढळला, थोड्याच वर्षांत भूमध्य समुद्राच्या दोन्ही तीरांवर पसरला, आणि २०१४ सालीं भारतांत, आपल्या पुणें भागांतही, दिसून आला. उपाय न केल्यास तो जवळजवळ सर्व पीक बुडवूं शकतो.

पतंग सहा-सात मिलीमीटर लांब असतो. एक मादी अडीचशेंपर्यंत अंडीं घालते. चार-पांच दिवसांत अळी निघून पानाच्या दोन पापुद्र्यांमधील हिरवा गर खाते; पुढें शेंडे व हिरवीं फळेंही पोखरते. उबदार हवेंत महिन्याभरांत एक पिढी पुरी होते. आपल्या ओळखीची नागअळी ही माशीची अळी असून ती पानावर वळणावळणाची पांढरी रेघ काढते. या अळीचा डाग मात्र रुंद व पसरट असून त्यांत काळी विष्ठा दिसते. घाटेअळी फळास मोठें छिद्र पाडते. हिचें छिद्र टांचणीच्या टोंकाएवढें असतें.

हा भेद जाणणें अगत्याचें आहे, कारण ओळख चुकली कीं उपायही चुकतो. या मादीच्या गंधाचें रहस्य १९९० नंतरच्या दशकांत उलगडलें व त्यावरून कामगंध सांपळे तयार झाले. अशा सांपळ्यांत दुसऱ्या पतंगाचा गंध ठेवल्यास कांहीं उपयोग होत नाहीं. एकच औषध वारंवार मारल्यास कीड त्यास दाद देईनाशी होते, हा अनुभव अनेक देशांस आला आहे. म्हणून रोपें जाळीखालीं तयार करावीं. पोखरलेलीं पानें व फळें खोल पुरावीं. टोमॅटोमागून बटाटा किंवा वांगें घेऊं नये, कारण त्यांवरही ही कीड जगते. आणि पीक निघतांच जमीन नांगरावी, म्हणजे मातींतील कोष उघडे पडतात.

हुआंकायोचा पतंग टिपून ठेवला गेला, तेव्हां त्याचा कोणास उपद्रव आहे असें त्या वर्णनांत नव्हतें. परंतु संकट आलें तेव्हां शत्रूचें नांव, मूळ ठिकाण व सोयरे आधींच ठाऊक असल्यामुळें शोधास पाया मिळाला. आपल्या शेतांतही अनोळखी कीड दिसल्यास ती चिरडून टाकूं नये. एका डबींत ठेवावी, गांव, पीक व तारीख यांची चिठी सोबत घालावी, आणि जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाकडे पोंचवावी. एवढी चिठी लिहिण्यास फार वेळ लागत नाहीं. पण तिच्यावांचून तो किडा शास्त्रज्ञाच्या फारसा उपयोगी पडत नाहीं.