स्थिर चित्रातील चालती वारी

आषाढी एकादशी समीप आली, की वारीची छायाचित्रे घरोघरी पोहोचतात. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माताभगिनी, टाळमृदंगाच्या नादात रंगलेली दिंडी, पावसात भिजलेल्या भगव्या पताका. ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, असे वृद्ध वारकरी ती चित्रे डोळ्यांशी धरून पाहतात. वारी म्हणजे चालणे आणि छायाचित्र म्हणजे थांबलेला क्षण. मग या थांबलेल्या क्षणात चालणे उतरते तरी कसे?

संस्कृत भाषेत 'गम्' या एकाच धातूपासून तीन शब्द सिद्ध होतात. चालून झालेले ते 'गत', चालणे चालू असलेले ते 'गम्यमान' आणि जेथे पोहोचायचे ते 'गंतव्य'. प्रवासाचे चित्र या तिन्हींना कवेत घेते, तेव्हाच ते प्रवासाचे ठरते. एरवी ते केवळ गर्दीचे चित्र होय.

प्रथम गम्यमान पाहू. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हे मानवी नेत्रांना ठरविता येत नव्हते. १८७८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले आणि ते सुटतात, हे चित्रांतून दाखविले. आमच्या रिंगणातही छायाचित्रकारापुढे हाच प्रश्न उभा असतो. माउलींचा स्वाराविना धावणारा अश्व टिपताना त्याने कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या सहस्रांशापुरता उघडला, तर उडालेला मातीचा कणही अधांतरी स्थिर होतो. तोच पडदा पंधरांश सेकंद उघडा ठेवून कॅमेरा अश्वाबरोबर फिरविला, तर अश्व बराचसा स्पष्ट राहतो आणि मागची माणसे रंगाच्या रेषा होऊन वाहू लागतात. पहिल्या चित्रात नेमकेपणा आहे, दुसऱ्यात वेग आहे. त्या पाठीवर साक्षात माउली आरूढ आहेत, अशी ज्याची श्रद्धा, त्याला दुसरे चित्र अधिक जवळचे वाटले तर नवल नाही.

आता गत आणि गंतव्य. पुणे सोडून सासवडकडे जाताना दिवे घाट लागतो. तेथील वळणावळणांचा रस्ता उंचावरून टिपला, की चढून आलेली वाट आणि उरलेली चढण एकाच चौकटीत सामावतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर एका चित्रात मावणारे नव्हे. परंतु मागची वाट आणि पुढची वाट एकत्र दिसली, की पाहणारा ते अंतर मनाने जोडून घेतो. रघुवीर सिंह या थोर भारतीय छायाचित्रकारांनी अँबॅसडर मोटारीतून हिंदुस्थान टिपला. त्यांच्या निधनानंतर २००२ साली निघालेल्या त्या ग्रंथात मोटारीच्या काचा, दारे आणि आरसे हीच चित्राची चौकट झाली आहे. पुढच्या काचेत येणारा देश आणि आरशात मागे पडणारा देश!

उंचावरून वारी नदीसारखी दिसते. आता ड्रोनमुळे ते दृश्य सुलभ झाले आहे आणि ते मनोहर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्या उंचीवरून वारकऱ्याचे पाऊल दिसत नाही. पालखीत काय असते, याचे स्मरण करावे. पालखीत असतात त्या पादुका! संतांच्या चालण्याची ती खूण आहे. जिच्या केंद्रस्थानीच पाऊल आहे, त्या यात्रेच्या चित्रातून पाऊल वगळावे, हे उचित नव्हे. भेगाळलेली टाच, फोडावर बांधलेली चिंधी, चिखलात उमटलेला ठसा यांत गत, गम्यमान आणि गंतव्य तिन्ही एकवटतात. ते टिपण्यास उंची लागत नाही, दिंडीबरोबर काही कोस चालावे लागते आणि वारकऱ्याची वाट न अडविता वाकावे लागते.

या कलेची कसोटी २०२० साली लागली. महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या सजविलेल्या बसमधून पंढरीस गेल्या. २०२१ सालीही बसचाच आधार घ्यावा लागला. त्या वर्षी फुलांनी मढविलेल्या बसचे चित्र पाहताना डोळे पाणावले, ते बसमुळे नव्हे, तर तिच्या मागेपुढे नसलेल्या पावलांमुळे. न दिसणारी पावलेही चित्रात चालू शकतात, हे त्या रिकाम्या रस्त्याने शिकविले. २०२२ साली वाट पुन्हा पावलांनी भरली.

म्हणून भाविक वाचकहो, यंदा वारीचे चित्र हाती येईल, तेव्हा प्रथम पावले शोधा. घरातील वृद्धांना ती बोट ठेवून दाखवा आणि ही वाट कोणत्या गावावरून गेली, तेथे मुक्काम कोठे पडत असे, हे त्यांना विचारा. ते सांगू लागले, की चित्र चालू लागेल. आणि ज्यांच्या पायांत बळ आहे, त्यांनी मात्र चित्रावर समाधान मानू नये. वाट त्यांची आहे.